घर, बाग आणि वाळू

वाळू हा पदार्थ इतका परिचयाचा आहे की, त्याच्या गुणधर्मांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घराचे बांधकाम संपले की अंगणाच्या कोपऱ्यात वाळूचा थोडासा ढीग उरतो. काही दिवस मुले त्यात खेळतात आणि पुढे पावसाच्या पाण्याबरोबर ती वाळू गटारात वाहून जाते. वस्तुतः त्या ढिगातील काही घमेली वाळू धुऊन, चाळून जपून ठेवली, तर उन्हाळ्यात भाजी टिकविणे, फुलझाडांची नवी रोपे तयार करणे, गढूळ पाणी गाळणे अशी अनेक कामे तिच्याकडून करून घेता येतात. या कामांना वीज लागत नाही, फारसा खर्च येत नाही आणि विशेष कारागिरीचीही गरज नसते. मात्र कोणत्या कामाला कोणती वाळू घ्यावी, हे समजणे आवश्यक असते.

ही कामे समजून घेण्यासाठी झाशीचा परिसर सोयीचा आहे. मराठी वाचकाला झाशी ठाऊक असते ती राणी लक्ष्मीबाई आणि १८५७ चा संग्राम यांमुळे. परंतु तेथील उन्हाळा, दगड आणि नद्या यांची ओळख त्या मानाने कमी आहे. वाळूचे गुण पाहावयाचे तर याच गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

बुंदेलखंडातील वाळू

झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती ग्रॅनाइटची आहे. ओरछाचा राजा वीरसिंहदेव याने १६१३ साली हा किल्ला बांधला. बुंदेलखंडाचा बराच भाग याच जातीच्या, सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकाने व्यापलेला आहे. ऊन, पाऊस आणि वारा यांच्या माऱ्याने हा खडक झिजतो. त्यातील मऊ खनिजांची माती होते, तर गारगोटीचे कठीण कण तसेच शिल्लक राहतात. हे कण ओढ्यांतून नद्यांत येतात आणि तीच वाळू होय. झाशीच्या जवळून पहूज वाहते. शहरापासून काही कोसांवर, ओरछाच्या वाड्यांखालून बेतवा वाहते आणि पुढे हमीरपूरजवळ यमुनेस मिळते.

या प्रदेशातील शेतकरी जमिनीची चार नावे सांगतात : राकड, परवा, काबर आणि मार. राकड म्हणजे तांबूस, खडेमिश्रित, पाणी न धरणारी जमीन. परवा ही हलकी, वाळूमिश्रित जमीन असते. काबर आणि मार या काळ्या, चिकण जमिनी असून त्या भिजल्या की पायाला चिकटतात आणि वाळल्या की भेगाळतात. हा सारा फरक मुख्यतः कणांच्या आकाराचा आहे. भारतीय मानकानुसार ०.०७५ मिलीमीटर ते ४.७५ मिलीमीटर आकाराच्या कणांना वाळू म्हणतात. त्याहून बारीक कण गाळाचे व चिकणमातीचे, तर त्याहून मोठे ते खडे.

कणांमधील पोकळी

एक लिटरच्या भांड्यात काठोकाठ कोरडी वाळू भरावी आणि तीत मापाने हळूहळू पाणी ओतावे. भांडे वर वर पाहता भरलेले असूनही त्यात आणखी सुमारे ३५० ते ४०० मिलीलिटर पाणी मावते. याचा अर्थ असा की, वाळूच्या ढिगाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग रिकामाच असतो. वाळूचे बहुतेक उपयोग या पोकळीवर अवलंबून आहेत.

कण जाड असले तर त्यांमधील पोकळ्या मोठ्या असतात. पाणी त्यांतून झटकन खाली निघून जाते आणि त्या जागी हवा येते. कण बारीक असले तर पोकळ्या लहान होतात. पाणी त्यांत धरून राहते, इतकेच नव्हे तर दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते खालून वर चढते. या क्रियेस केशाकर्षण म्हणतात. जाड वाळूत पाणी काही सेंटीमीटरच चढते, बारीक वाळूत त्याच्या कित्येक पट उंच चढते. म्हणून जेथे ओल टिकवावयाची तेथे बारीक वाळू घ्यावी आणि जेथे पाण्याचा निचरा हवा तेथे जाड वाळू घ्यावी, हा पहिला नियम होय.

वाळूची परीक्षा

नदीतून आणलेल्या वाळूत गाळ मिसळलेला असतो. हा गाळ कणांमधील पोकळ्या बुजवितो व वाळूचा गुणच नाहीसा करतो. त्याची परीक्षा घरी करता येते. सरळ बाजूंची काचेची बरणी घेऊन ती निम्मी वाळूने भरावी. तीत चिमूटभर मीठ टाकून बरणी पाऊण भरेल इतके पाणी घालावे. झाकण लावून बरणी जोराने हलवावी आणि तीन तास न हलविता ठेवावी. वाळू लगेच तळाशी बसते आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर जमतो. पट्टीने दोन्ही थर मोजावेत. वाळूचा थर १० सेंटीमीटर असेल आणि गाळाचा थर ८ मिलीमीटरहून अधिक भरला, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये.

धुण्यासाठी बादलीत एक-तृतीयांश वाळू घेऊन पाणी ओतावे, हाताने ढवळावे आणि गढूळ पाणी लगेच ओतून द्यावे. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत असे करावे. हे पाणी फुकट घालवू नये. ते झाडांच्या आळ्यांत ओतावे. नंतर वाळू उन्हात वाळवून चाळावी. चाळताना धूळ उडत असल्यास नाकातोंडावर फडके बांधावे व वाळूवर थोडे पाणी शिंपडावे. गारगोटीची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. दगड दळून तयार केलेल्या कृत्रिम वाळूच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण तीत अशा धुळीचे प्रमाण जास्त असते.

ओल्या वाळूचा गारवा

माठाखाली ओली वाळू पसरण्याची रीत मराठी घरांत जुनीच आहे. तिच्यामागील कारण साधे आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. दहा किलो भाजी ४० अंशांवरून २५ अंशांवर आणावयाची झाल्यास साधारण १४० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे हिशेबाने पाव लिटर पाणी पुरेसे आहे. परंतु बाहेरील उष्णता सतत आत येत असल्यामुळे पाणीही सतत पुरवावे लागते. ते पाणी धरून ठेवण्याचे व थोडे थोडे सोडण्याचे काम वाळू करते.

हा गारवा किती मिळेल हे हवेवर अवलंबून असते. झाशीत मे-जून महिन्यांत तापमान ४५ अंशांच्या वर जाते आणि ‘लू’ नावाचा तप्त, कोरडा वारा वाहतो. हवा ४२ अंशांची असून तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने वस्तू जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. उलट, कोकण किनाऱ्यावर हवा ३२ अंशांची व आर्द्रता ८० टक्के असताना ही मर्यादा २९ अंशांच्या आसपास थांबते. ज्या कोरड्या झळांनी झाशीतील भाजी दुपारपर्यंत मलूल होते, त्याच झळा ओल्या वाळूच्या साहाय्याने भाजीचे रक्षण करू शकतात. पावसाळा सुरू झाला की मात्र हा उपाय फारसा लागू पडत नाही.

लहान कुटुंबासाठी दोन कुंड्यांची शीतपेटी पुरेशी होते. भाजलेल्या मातीची, रंग किंवा झिलई न दिलेली एक मोठी आणि एक लहान अशी दोन भांडी घ्यावीत. मोठ्या भांड्याच्या तळाशी तीन-चार सेंटीमीटर बारीक वाळूचा थर द्यावा, त्यावर लहान भांडे ठेवावे आणि सभोवतालच्या तीन-चार सेंटीमीटर जागेत वाळू भरावी. तळास भोके असल्यास ती आधी बुजवावीत. वाळू पूर्ण भिजेल इतके पाणी घालून आतील भांड्यावर ओले गोणपाट झाकावे. ही जोडी सावलीत, पण वारा लागेल अशा जागी, तिवईवर किंवा विटांवर ठेवावी. कोंदट कोठीत ठेवल्यास ती थंड होत नाही, कारण दमट हवा तेथेच साठून राहते. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी घालावे. नायजेरियातील शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी अशाच भांड्यांचा तेथील खेड्यांत प्रसार केला व त्यासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला.

विटा व वाळूची शीतपेटी

अधिक भाजी ठेवावयाची असेल, तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात विकसित झालेली विटांची शीतपेटी बांधावी. तिची रचना अगदी सोपी आहे. झाडाच्या किंवा मांडवाच्या सावलीत, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर, विटांच्या एकेरी थराने १६५ सेंटीमीटर लांब व ११५ सेंटीमीटर रुंद अशी जमीन तयार करावी. तिच्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी अशा, ६७.५ सेंटीमीटर उंचीपर्यंत रचाव्यात. दोन्ही भिंतींमध्ये सर्व बाजूंनी ७.५ सेंटीमीटर अंतर सोडावे. विटा पाण्याने चिंब करून या अंतरात भिजविलेली बारीक वाळू भरावी. तिच्यासाठी साधारण १५ घमेली वाळू लागते. बांबूच्या चौकटीवर वाळलेले गवत बांधून झाकण करावे.

विटा आणि वाळू दिवसातून दोनदा भिजवाव्या लागतात. आतील तापमान कडक उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास टिकते. सुमारे १०० किलो भाजी वा फळे भोके असलेल्या क्रेटमधून तीत ठेवता येतात. पालेभाज्या, भेंडी, टोमॅटो, गाजरे यांना ही दमट हवा मानवते. कांदा व लसूण मात्र तीत ठेवू नयेत, कारण ओलीने त्यांना कोंब येतात व ते सडतात. दूध, मांस आणि शिजविलेले अन्न यांसाठीही ही पेटी पुरेशी थंड नसते.

झाशी जिल्ह्यातील बरुआसागर हे गाव आल्यासाठी प्रसिद्ध आहे. घरी आले टिकविण्यासाठी पेटीचीही गरज नसते. मातीच्या भांड्यात वाळूचा थर, त्यावर एकमेकांस न टेकणारे आल्याचे तुकडे, पुन्हा वाळू, अशी रचना करावी. वाळू मुठीत दाबली असता गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकीच ती ओली असावी. वाळूमुळे आल्याची ओल उडून जात नाही आणि एक तुकडा सडला तरी तो शेजारच्याला लागत नाही.

कलमांचा वाफा आणि कुंडीतील माती

बागेत वाळूचा सर्वांत चांगला उपयोग छाट कलमे लावण्यासाठी होतो. तोडलेल्या फांदीला मुळे नसतात. मुळे फुटेपर्यंत तिला ओल हवी असते, हवाही हवी असते आणि सडविणाऱ्या बुरशीपासून संरक्षण हवे असते. खतमातीत बुरशी भरपूर असते. धुतलेल्या जाड वाळूत ती फार कमी असते. मुळे येईपर्यंत फांदी आपल्यातील साठ्यावर जगते, त्यामुळे वाळूत अन्न नसल्याने काही बिघडत नाही.

तळाशी भोके असलेल्या, १५ ते २० सेंटीमीटर खोल खोक्यात एक ते दोन मिलीमीटर आकाराची वाळू भरावी आणि तीवर उकळते पाणी ओतून ती निर्जंतुक करून घ्यावी. वाळू थंड झाल्यावर कलमे लावावीत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचे १५ ते २० सेंटीमीटर लांबीचे तुकडे घ्यावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ द्यावा आणि वरचा तिरपा द्यावा, म्हणजे कलम उलटे लावले जाण्याची चूक होत नाही. काठीने आधी भोक पाडून तुकड्याचा दोन-तृतीयांश भाग वाळूत पुरावा व भोवतालची वाळू दाबावी. मोगरा व जास्वंद यांची कलमे पावसाळ्यात, तर गुलाब, डाळिंब व अंजीर यांची थंडीच्या अखेरीस लावावीत. झाशीत मार्चनंतर ऊन झपाट्याने वाढते, म्हणून खोके पूर्ण सावलीत हलवावे. कलम हळूच ओढून पाहिल्यावर ते सहज न उपटता विरोध जाणवला की मुळे फुटली असे समजावे. त्यानंतर ते फार दिवस वाळूत ठेवू नये. आता त्याला अन्नाची गरज लागते व ते वाळूत मिळत नाही.

कुंडीची माती तयार करताना आधी घरची माती कोणत्या जातीची आहे हे पाहावे. मारसारख्या चिकण मातीत समान भाग जाड वाळू व समान भाग कुजलेले शेणखत मिसळावे. अशा मातीत मूठभर वाळू टाकून भागत नाही. चिकणमातीचे सूक्ष्म कण वाळूच्या पोकळ्यांत शिरून बसतात आणि माती मोकळी होण्याऐवजी विटेसारखी घट्ट होते. राकडसारख्या मातीत तर वाळू मुळीच मिसळू नये. तेथे उणीव खताची असते.

वाळूची गाळणी

१८९२ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली. तीत आठ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. शेजारचे आल्टोना हे गाव त्याच एल्बे नदीचे पाणी, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे, पीत होते. तरीही तेथे रोगाचा उपद्रव फारच थोडा झाला. फरक एवढाच होता की, आल्टोनाचे पाणी वाळूच्या थरांतून सावकाश गाळले जाई, हॅम्बुर्गचे तसेच पुरविले जाई. या घटनेने वाळूच्या गाळणीचे महत्त्व जगाला पटले.

अशा गाळणीत वाळू केवळ गाळ अडवीत नाही. दोन-तीन आठवडे पाणी सतत वाहत राहिले की वाळूच्या वरच्या एक-दोन सेंटीमीटरांत सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर तयार होतो. पाण्यातील बरेचसे रोगजंतू या थरात नष्ट होतात. हा थर जिवंत असल्यामुळे तो कोरडा पडू देऊ नये.

घरगुती गाळणीसाठी सुमारे ३० सेंटीमीटर व्यासाचे व ९० सेंटीमीटर उंचीचे प्लास्टिकचे पिंप घ्यावे. त्यात पूर्वी औषधे किंवा रसायने ठेवलेली नसावीत. तळाशी पाच सेंटीमीटर खडे, त्यावर पाच सेंटीमीटर बारीक खडी आणि त्यावर ५० ते ५५ सेंटीमीटर धुतलेली बारीक वाळू भरावी. ही वाळू रव्याच्या चाळणीतून, म्हणजे सुमारे ०.७ मिलीमीटरच्या छिद्रांतून पडलेली असावी. तळातून निघणारी नळी बाहेरून वर नेऊन तिचे तोंड वाळूच्या पातळीपेक्षा पाच सेंटीमीटर उंचावर ठेवावे, म्हणजे वाळूवर नेहमी तेवढे पाणी राहते. पाणी थेट वाळूवर न ओतता भोके पाडलेल्या ताटलीवर ओतावे. वर झाकण असावे, नाही तर डास अंडी घालतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याने लिटरची बाटली भरण्यास चार मिनिटे किंवा अधिक वेळ लागला पाहिजे. ती त्याआधीच भरली तर वाळू जाड आहे असे समजावे.

या गाळणीच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट ती काढू शकत नाही. सर्व जंतू ती मारीलच असेही नाही. म्हणून पिण्याचे पाणी गाळल्यानंतर उकळावे किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन घालावे. नितळ पाण्यावर क्लोरीनचा परिणाम चांगला होतो, हाही गाळण्याचा एक लाभ आहे.

वाळूचा हिशेब

वरील सर्व कामांना मिळून लागणारी वाळू एका हातगाडीच्या दोन-तीन खेपांहून अधिक नसते. शिवाय तीच वाळू वर्षानुवर्षे वापरता येते. कलमांच्या खोक्यातील वाळू धुऊन उन्हात तापविली की पुढील हंगामास तयार होते. शीतपेटीतील वाळू पावसाळ्यात काढून, वाळवून, पोत्यात भरून ठेवावी. म्हणून बांधकामातून उरलेली वाळू आधी वापरावी आणि नवी वाळू परवानगी असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली वाळूच्या लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक ठरविली. केंद्र सरकारने २०१६ व २०२० साली वाळू-उत्खननाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

या निर्बंधांचे कारण एक लिटरच्या भांड्याच्या प्रयोगातच सापडते. एक घनमीटर वाळूत साडेतीनशे लिटरांच्या आसपास पाणी मावते. बुंदेलखंडातील ग्रॅनाइट कठीण असल्याने त्यात पाणी फारसे मुरत नाही आणि पाऊस बहुतेक सारा चार महिन्यांतच पडतो. अशा प्रदेशात नदीपात्रातील वाळू हाच एक मोठा रांजण असतो. पावसाळ्यात तो भरतो आणि पुढे काठच्या विहिरींना थोडे थोडे पाणी देत राहतो. पात्रातील वाळू खोलवर उपसली गेली तर नदीची पातळी खाली जाते आणि तिच्यामागोमाग विहिरींची पातळीही उतरते. मग घरी गाळणी असली तरी तीत ओतण्यास पाणी उरत नाही. घरासाठी वाळू घेताना ती मापून घ्यावी, पुन्हा पुन्हा वापरावी आणि जी नदीत आहे तीही आपल्याच उपयोगाची आहे हे ध्यानात ठेवावे.